वचन अहिराणीत उतरलं पाहिजे

रोज प्रार्थना होते, रविवारची उपासना चुकत नाही, आणि तरी घरातला आवाज चढाच राहतो. आपल्या खान्देशात याचं एक कारण नेहमी दिसतं. आपण प्रार्थना करतो पुस्तकी मराठीत आणि रागावतो अहिराणीत. नवापूरकडे हेच मावची बोलीत घडतं. बायबलचं वचन तोंडातल्या बोलीपर्यंत पोचलेलंच नसतं, मग ऐन भांडणात ते आठवणार कुठून?

म्हणून सकाळचं वाचन थोडं ठेवा. मार्काच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय आहेत. रोज अर्धा घेतला तर महिनाभर पुरतात. तो भाग मोठ्याने दोनदा वाचा. मग बायबल मिटा आणि त्यातलं एक वचन घरच्या बोलीत सांगा, आजीला सांगाल तसं. जिथे अडखळाल तिथे अर्थ लागलेला नाही, तेवढंच पुन्हा बघा. याला 15 मिनिटं लागतात. सगळं बायबल म्हणजे 1189 अध्याय. वर्षात संपवायचं तर रोज तीन-चार येतात, आणि पुष्कळांची गाडी लेवीयच्या पुस्तकात रुतते. राहिलेलं भरून काढायच्या मागे लागू नका, आजचं वाचा.

पहाटे पाचचा नियमही सगळ्यांना झेपत नाही. शेतपंपाची थ्री-फेज वीज रात्रीची असते त्या आठवड्यात माणूस पाणी भरायला शेतात असतो. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा कामाला बांधा: पहिल्या चहाआधी, मोबाईल हातात घेण्याआधी.

गलतीकरांस पत्रात (5:22-23) पवित्र आत्म्याच्या फळाची प्रेम, आनंद, सहनशीलता अशी नऊ लक्षणं आहेत, पण ‘फळ’ हा शब्द मूळ ग्रीकमध्येही एकवचनी आहे. नऊ विषयांचं प्रगतिपुस्तक भरायला बसलं की आठवड्यात दम लागतो. शिवाय “आजपासून सहनशील राहीन” असं मोघम ठरवून काहीच हलत नाही. “शेतातून आल्यावर पाणी आणायला उशीर झाला तरी पोरावर खेकसणार नाही” असं ठरवा. माणूस ठरलेला, वेळ ठरलेली. आठवडाभर हेच एक. आणि ठरवल्याबरोबर तेच प्रार्थनेत मागा, कारण हे फळ आत्म्याचं आहे, आपल्या जिद्दीचं नव्हे.

चुकणार, हे धरूनच चाला. रावेर-यावलचा केळीवाला पील, म्हणजे बुंध्याजवळ फुटणारं नवं रोप, एकदा कापून निवांत बसत नाही. कंद जमिनीत आहे तोवर ते पुन्हा फुटतं, आणि वेळेवर कापलं नाही तर घडाचं अन्न खातं. राग तसाच आहे. पुन्हा फुटला म्हणून “आपला विश्वासच खोटा” असं म्हणून जो प्रार्थना सोडतो, त्याचं नुकसान रागापेक्षा त्या सोडण्याने जास्त होतं.

रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असं इफिसकरांस पत्र (4:26) सांगतं. माफी त्याच दिवशी मागा, आणि ज्या बोलीत बोललात त्याच बोलीत: “मनी चूक व्हयनी, माफ कर.” एवढंच. पुढे “पन तू बी...” आलं की माफी वाया गेली.

सगळ्यात कमी बोललं जातं ते पैशाबद्दल. मापात पाप हा आपलाच शब्द आहे. कापसावर पाणी मारून वजन वाढवणं, मजुराचा अर्धा दिवस खाणं, हे रविवारी गाऊन धुतलं जात नाही. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो (नीतिसूत्रे 11:1). जकातदार जक्कयाने नुसती कबुली दिली नाही, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला (लूक 19:8). देवाकडे क्षमा मागितलीत तरी ज्याचे पैसे त्याला गेलेच पाहिजेत. एकदम जमत नसेल तर वहीत नाव आणि रक्कम लिहा, त्या माणसाला स्वतः जाऊन सांगा, आणि पहिला हप्ता येत्या बाजाराच्या दिवशीच द्या.