तर्री, पकवान आणि माझी स्टीलची ताटली

नागपूरला निघताना पिशवीत दोन स्टीलच्या ताटल्या, दोन चमचे, एक डबा आणि जुन्या ओढणीचं फडकं टाकलं. मैत्रिणीनं ते पाहिलं आणि विचारलं, "तू खायला आलीस की भांडी घासायला?"

पहिल्याच सकाळी फजिती. सीताबर्डीतली पोह्यांची गाडी. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, कांदा, लिंबू. ताटली पुढे केली तर गाडीवाला म्हणाला, "ताई, घरून ताट कायले आणलं?" कागदी प्लेट नको म्हटल्यावर खूश होऊन त्यानं डावभर तर्री जास्तच ओतली. ताटली उथळ. तर्री थेट मनगटावर, वरून स्टील तापलेलं. कागदी प्लेट हात भाजू देत नाही, हे तिचं मोठेपण तेव्हा कळलं.

तरी मला ती नकोच. थर्माकोलच्या प्लेटा राज्यात 2018 मध्ये बंद झाल्या, त्यांच्या जागी कागदी आल्या. पण पातळ रस्सा टिकावा म्हणून त्यांतल्या पुष्कळशांना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो ना कुजतो, ना रद्दीत जातो. संध्याकाळी इतवारीतून दोन खोलगट वाडगे घेतले.

दुसऱ्या दिवशी जरीपटक्याला दाल पकवान. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची ही वस्ती. कुरकुरीत पकवानावरच डाळ, चटणी, कांदा घातला की ताटलीही पोटातच जाते! मैत्रीण म्हणाली, तुझ्या वाडग्याला आज सुट्टी.

मोमिनपुऱ्यात रमजान नसल्यानं हलीम चुकलं. डब्यात खिमा घेतला, तंदूरच्या रोट्या फडक्यात बांधल्या. दुकानातल्या चाचांना यात काहीच नवल वाटलं नाही. घरून भांडं घेऊन येणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे रोजचीच. उगाच मी शूर झाले होते.

सावजीत तर प्रश्नच नव्हता. हलबा कोष्टी विणकरांची ही चव. काळा झणझणीत रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि वाढायला स्टीलचीच ताटं. नाक पुसायला मात्र रुमाल कमी पडला.

पण मनात राहिलं ते महाल भागातलं घरचं जेवण. मैत्रिणीच्या मावशींनी गोळाभात केला होता. हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भातात कुस्करायचे, वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. त्यांच्या लग्नात पंगतीला पळसाच्या पत्रावळी होत्या म्हणे, काड्यांनी टाचलेल्या. "वरण पातळ असलं की एकात एक दोन द्रोण ठेवायचे. आणि पत्रावळीला भोक दिसलं तर भाताचं आळं तिथंच करायचं." जेवण झालं की पत्रावळी गुरांपुढे. आता मावशी भिशीलासुद्धा कागदी प्लेटा आणतात. "घासायला कोण आहे, सांग?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मुकाट्यानं उठून तिघींची ताटं घासली.

निघायच्या सकाळी पुन्हा पोह्यांच्या गाडीवर. गाडीवाल्यानं लांबूनच ओळखलं. "आज वाडगा आणला काय? द्या इकडं." त्यानं तो हातात घेतला आणि खांद्यावरच्या फडक्यानं प्रेमानं पुसला. सकाळपासून गाडीही त्याच फडक्यानं पुसत होता. मी मैत्रिणीकडे पाहिलं, ती तोंड फिरवून हसत होती.

"तर्री जास्त टाका, भाऊ," मी म्हटलं.