वीस

लोगोच्या कामाचं ब्रीफ अडीच पानांचं होतं. त्यातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती: ‘पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपणारा नाणेघाट देशाच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर आणणे.’

अशी वाक्यं रोज येतात आणि आपण मान डोलावतो. हे मात्र मला मनापासून पटलं होतं. महाराष्ट्राचा इतिहास चितारायला सांगा, हात आपोआप बुरूज आणि भगवा काढायला लागतो. त्याच्याही सतराशे वर्षं आधी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल या घाटाने वर जुन्नरला आणि पुढे पैठणला जात होता, घाटाच्या माथ्याशी नागनिका नावाच्या एका सातवाहन राणीने लेणं कोरून त्यात आपल्या घराण्याचा हिशेब लिहून ठेवला होता, हे किती जणांना माहीत असतं? मला तरी कुठे होतं! काम मिळाल्यावर वाचलं.

लोगो मात्र मला वाचनातून सुचला नाही, तो डोळ्यांनी उचलला. नागनिकेच्या त्या लेखात, म्हणजे इ.स.पूर्व पहिल्या शतकातल्या ब्राह्मी लिपीतल्या मजकुरात, दानाचे आकडे आहेत. त्या आकड्यांचा तक्ता समोर होता आणि त्यात एक खूण होती, जवळजवळ गोल. बाकीच्या खुणा गळासारख्या, फाट्यासारख्या. ही एकटी स्वच्छ. मी ती ट्रेस केली, कडा मुद्दाम थोड्या खडबडीत ठेवल्या, बेसॉल्टचा काळा भरला. फाईलला नाव दिलं ‘शून्य’.

प्रेझेंटेशनला ती स्लाइड आली तशी खोली शांत झाली. साहेब खुर्चीत पुढे सरकले. “मॅडम, हेच! जिथे शून्य जन्मलं!” टॅगलाइन त्यांनी तिथल्या तिथे दिली. दोन आठवड्यांत मग कप, टोप्या, तिकिटं आणि माथ्यावर उभं करायचं पोलादी वर्तुळ, ज्यातून खालचं कोकण दिसेल, सगळं डिझाइन झालं. त्या वर्तुळाचं रेंडर देखणं होतं, हे आजही म्हणेन. शून्याबद्दल कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. तज्ज्ञ तपासतीलच, असं कुठेतरी गृहीत धरलं होतं.

तज्ज्ञ आले ते जागेच्या मोजमापाच्या दिवशी. शिलालेखांचा अभ्यास करण्यात हयात गेलेले एक सर. त्यांना बोलावलं होतं ‘मजकुरातलं शुद्धलेखन बघायला’. घाटघरहून गाडी वर आली तेव्हा दुपार कलली होती. वारा असा की टेप धरायला दोन माणसं लागत होती. साहेब आणि ठेकेदार वर, माथ्यावरच्या दगडी रांजणापाशी राहिले, आम्ही दोघं लेण्यात उतरलो.

सरांनी पिशवीतून साधा टॉर्च काढला. मी माझ्या मोबाइलचा झोत सरळ भिंतीवर मारला तर ते म्हणाले, “समोरून नका मारू. समोरून मारला की दगडच दिसतो.” त्यांनी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला. सपाट, झिजलेल्या वाटणाऱ्या त्या भिंतीवर एकदम सावल्या भरल्या आणि ओळीच्या ओळी उठून आल्या. मी फॉन्ट बघून पोट भरणारी बाई आहे. अक्षर असं अंगावर येताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“तुमचं शून्य कुठून घेतलंत?” त्यांनी सहज विचारलं.

मी अभिमानाने फोनवर तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाशी धरला, परत दिला.

“हे वीस आहे.”

मला वाटलं, ओळीचा क्रमांक सांगतायत.

“वीस. विसाची खूण. या पद्धतीत शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. दहाला वेगळी खूण, विसाला वेगळी, शंभराला, हजाराला वेगळी. लेखात एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, आलेत ना, ते कसे लिहिलेत? हजाराच्या खुणेला वीस जोडले, झाले वीस हजार. हजाराला चार जोडले, चार हजार. शंभराला चार, चारशे. तीन खुणांत संपलं. आपल्याला आज पाच अंक लागतात, त्यातली दोन शून्यं.” मग थोडं थांबून, बहुधा माझा चेहरा बघून, “भगवानलाल इंद्रजींनी १८७६ साली या आकड्यांवर लिहिलंय. वाचायला छान आहे.”

मी हट्टाने विचारलं, मग शून्य कुठाय? ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या चतुर्भुज मंदिरातल्या लेखात २७० हा आकडा आजच्यासारखा शून्य घालून लिहिलाय, ते म्हणाले. इसवी सन ८७६च्या सुमाराचा. म्हणजे इथून नऊशेहून जास्त वर्षं पुढे. “तुमच्या टोपीवर वीस छापून येईल,” असंही म्हणाले आणि हसले. त्या हसण्यात खोच नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं.

नंतर त्यांनी टॉर्च मागच्या भिंतीकडे वळवला. तिथे एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या आकृती कोरलेल्या होत्या. आज त्या नाहीत. कुठे पावलांचा भाग, कुठे नुसता खरवडलेला दगड. पण वर नावांच्या पाट्या अजून आहेत. सरांनी बोट न लावता, हवेत बोट फिरवत वाचलं: “देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो.” देवी नागनिकेची आणि राजा श्री सातकर्णीची. मी म्हटलं, राणी आधी? “आधी. लेखही तिचाच. महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखं जगणारी असं तिचं वर्णन आहे भिंतीवर. आणि अश्वमेधाचा, दक्षिणेचा चोख हिशेबही.”

माणसं गेलीत आणि लेबलं राहिलीत. मी वीस वर्षं पाट्या बनवतेय. याच्यापेक्षा चांगला लोगो समोर भिंतीवर होता आणि मी तक्त्यातून वर्तुळ उचलून आणलं होतं.

वर आलो. साहेबांना तिथेच, रांजणाशेजारी, वाऱ्यात ओरडून सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाले, “ठीक आहे, शून्य नको. ‘अंकांची जन्मभूमी’ म्हणू.” सर म्हणाले, “अशोकाच्या लेखांतही काही अंक आहेत, ते याच्या आधीचे.” साहेबांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मॅडम, देशाच्या पहिल्या पानावर ‘वीस’ लिहून कोण येणार बघायला?”

मला उत्तर सुचलं नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. ते वर्तुळ मी काढलं होतं, त्यांनी नाही. मी त्यांना शून्य विकलं होतं आणि आता वीस घ्या म्हणत होते. मी मागच्या भिंतीबद्दल सांगितलं: रिकाम्या जागांची एक रांग, खाली पावलं, वर राणीचं नाव, तिच्याच अक्षरांत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. “तुटलेली मूर्ती लोगोत? लोक म्हणतील, जपली का नाही.” मग घड्याळ बघून, “सोमवारी दोन पर्याय द्या.”

मी तीन दिले. पावलांचा पर्याय मी रात्र रात्र बसून केला. त्यातली अक्षरं सरांच्या जुन्या शाईच्या ठशांवरून उतरवली, एकाही वळणाला हात न लावता. तो नाकारला गेला. निवडला गेला रांजण. गोल, ठसठशीत, टोपीवरही बसतो. टॅगलाइन: ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका’.

रांजण जकातीचा होता ही लोकांत रूढ समजूत आहे. मी एवढंच म्हटलं की माहितीफलकावर ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द घाला. त्यासाठी चार ईमेल, एक फोन आणि सरांचं एक पत्र लागलं. मराठी मजकुरात ते शब्द आले. हिंदी आणि इंग्रजीत, प्रिंटर म्हणाला, जागा पुरली नाही.