‘कन्व्हिक्ट’ हा शब्द आम्ही खोडला

मागच्या रविवारी पुतणीच्या वहीत ‘माय ग्रेट-ग्रँडफादर वॉज अ कन्व्हिक्ट’ असे वाक्य वाचले आणि माझा तपासणारा हात तिथेच थांबला. ती बेळगावात मराठी माध्यमातून दहावीला शिकते. गुन्हा आणि शिक्षा या विषयावरचे वीस इंग्रजी शब्द पाठ करून प्रत्येकाचे एक वाक्य लिहायचे होते. पणजोबा तुरुंगात होते, हे तिने लहानपणापासून ऐकलेले आहे आणि तिच्याजवळच्या शब्दकोशात ‘कन्व्हिक्ट’पुढे ‘कैदी’ एवढेच छापलेले आहे. त्यामुळे तिने लिहिले त्यात तिचा दोष नव्हता, पण ते वाक्य तसेच राहू देणे मला शक्य नव्हते.

बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार हे कळल्यावर जानेवारी १९५६ मध्ये जे आंदोलन उसळले, त्यात माझे आजोबा पकडले गेले. अठरा दिवस त्यांना आत ठेवले, खटला भरला नाही आणि एके दिवशी सोडून दिले. ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे ज्याच्यावरचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला आहे असा माणूस. आजोबांवर सिद्ध होण्यासारखा आरोपच कोणी न्यायालयापुढे ठेवला नव्हता. त्यांच्यासाठी शब्द हवा तो ‘डिटेन्ड’.

हा भेद पटवून देण्यासाठी दाखला शोधायला मला लांब जावे लागले नाही. पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीला येणार होते, त्या सुमारास म्हणजे एप्रिल १९५० मध्ये सावरकरांना मुंबईत ताब्यात घेऊन आमच्या शेजारच्या हिंडलग्याच्या तुरुंगात आणले गेले आणि जुलैपर्यंत तिथे ठेवले गेले. त्या वेळी त्यांनी अमुक गुन्हा केला असे न्यायालयाने ठरवलेले नव्हते. ही ‘प्रिव्हेन्टिव्ह डिटेन्शन’, म्हणजे प्रतिबंधक स्थानबद्धता होती. त्याच सावरकरांना इंग्रजी अमदानीत दोन जन्मठेपी, म्हणजे पन्नास वर्षे काळे पाणी, झाल्या तेव्हा मात्र न्यायालयाच्या निकालानुसार ते ‘कन्व्हिक्ट’ होते. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही शब्द आले, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या जागी ठेवला तर इतिहासच चुकतो. काळ्या पाण्यासाठी इंग्रजीत ‘ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’ असे म्हणत. भारतीय दंडसंहितेतील ती शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीने जाऊन तिच्या जागी आजन्म कारावास आला. वाहतुकीचा शब्द शिक्षेच्या यादीत कसा, या पुतणीच्या प्रश्नाला अंदमानच्या बोटीखेरीज दुसरे उत्तर नव्हते.

मराठी माणसाला हा भेद नवा वाटण्याचे खरे तर कारण नाही. खटला चालू असलेल्याला आपण कच्चा कैदी म्हणतो आणि शिक्षा झालेल्याला पक्का कैदी. इंग्रजीतले ‘अंडरट्रायल’ आणि ‘कन्व्हिक्ट’ हेच दोघे. शब्दकोशाने दोघांनाही नुसते ‘कैदी’ करून टाकले, हे मला फार खटकते. ‘सस्पेक्ट’ हा संशयित, ‘अक्यूज्ड’ हा आरोपी, आणि निकाल लागेपर्यंत आरोपी गुन्हेगार नसतो. गावात मात्र ठाण्यावर एकदा बोलावणे आले की माणूस गुन्हेगार ठरतो, म्हणून या पायऱ्या दहावीच्या मुलीला नीट कळाव्यात असे मला मनापासून वाटते.

क्रियापदांमागे येणाऱ्या शब्दयोगींनी तिला सर्वांत जास्त छळले. ‘अक्यूज्ड’नंतर ‘ऑफ’, ‘चार्ज्ड’नंतर ‘विथ’, ‘कन्व्हिक्टेड’नंतर पुन्हा ‘ऑफ’ आणि ‘सेन्टेन्स्ड’नंतर ‘टू’. यामागे सरळ नियम सांगता येत नाही. खटल्याच्या क्रमाने मोठ्याने म्हणत राहणे हाच उपाय आम्हाला लागू पडला.

चोरीचे शब्द तुलनेने सोपे गेले. ‘स्टील’चे कर्म चोरलेली वस्तू असते आणि ‘रॉब’चे कर्म लुबाडला गेलेला माणूस किंवा लुटलेली बँक. घरफोडीला ‘बर्गलरी’. ‘डॅकॉइटी’ तर आपल्याकडच्या डकैतीवरूनच इंग्रजीत गेली, आणि १८६० च्या दंडसंहितेने तिच्यासाठी किमान पाच माणसांची अट घातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती अट कायम आहे. ही मुलगी शाळेत कन्नडही शिकते, त्याचा इथे उपयोग झाला. फिर्यादी, आरोपी, जामीन हे शब्द कन्नडमध्येही जवळजवळ तसेच आहेत आणि दरोड्याला ते दरोडे म्हणतात. आमच्या भागात भाषांवरून पुष्कळ भांडणे झाली, पण कोर्टाच्या पायरीवर दोन्ही भाषांचे पक्षकार हेच शब्द बोलतात.

यादीतल्या ‘कम्युनिटी सर्व्हिस’ या शब्दाला तिने छापण्यातली चूक समजून प्रश्नचिन्ह केले होते, कारण समाजसेवा करणाऱ्याचा आपल्याकडे सत्कार होतो. नव्या संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी ती शिक्षा म्हणून आणली आहे, हे तिला मी सांगितले. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर चोराला तुरुंगाऐवजी असे काम देता येते.

शेवटी आम्ही पहिल्या वाक्याकडे परत आलो. ‘कन्व्हिक्ट’ खोडून तिने ‘ही वॉज डिटेन्ड विदाउट ट्रायल’ असे लिहिले. आई शेजारी गहू निवडत बसली होती; तिने अर्थ विचारला, म्हणून मी मराठीत सांगितला. सासऱ्यांच्या तोंडून ती हकिगत तिने अनेकदा ऐकलेली आहे.

“सोडलं, ते लिहिलंय का?” तिने विचारले.

‘रिलीज्ड’ हा शब्द शाळेने दिलेल्या विसांत नव्हता. पुतणीने यादीखाली एकवीस आकडा घालून तो लिहून घेतला.