पॉइंट्स तेवढेच, रात्री कमी

आज हॉटेलच्या ॲपमध्ये लॉगिन केलं तर माझं जुनं खातंच दिसेना. कंपनी दुसऱ्या साखळीने विकत घेतल्याचं माहीत होतं, पण त्याची झळ माझ्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. तासभर फोन धरून बसले, तेव्हा कुठे दोन खाती जोडली गेली. जुन्या खात्याचे स्क्रीनशॉट होते म्हणून निभावलं. मुक्कामांवर मिळणारे, पुढे फुकट रात्रींसाठी वापरता येणारे पॉइंट्स सगळे आले. पण आईबाबांना जिथे चार रात्री ठेवायचं ठरवलं होतं, तिथे आता तेवढ्याच पॉइंट्सात तीनच रात्री बसतात. सहा वर्षांच्या फिरतीतून जमवलेले होते हो ते. फार वाईट वाटलं.

असं आधीही झालंय. मॅरियट या हॉटेल साखळीने 2016 मध्ये स्टारवुड ही दुसरी साखळी घेतली. 2018 च्या ऑगस्टमध्ये दोन्हींच्या पॉइंट्सच्या योजना एक झाल्या आणि स्टारवुडच्या एका पॉइंटचे तीन झाले. ऐकायला तिप्पट, पण एका रात्रीला लागणारे पॉइंट्सही त्याच मापाने मोठे. पुढे 2022 मध्ये तर ठरलेलं दरपत्रकच गेलं. आता भाडं चढलं की लागणारे पॉइंट्सही चढतात. साखळ्या एक झाल्या की हॉटेलं जास्त मिळतात हे मात्र खरं, फिरतीवरच्या माणसाला त्याचा उपयोग होतोच.

माझ्या योजनेच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की पॉइंट्स ही सदस्याची मालमत्ता नाही. आज पहिल्यांदा नीट वाचलं.

तुमच्या साखळीचं विलीनीकरण जाहीर झालं असेल तर पॉइंट्सचे आणि मुक्कामांच्या नोंदीचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. आईबाबांच्या तीन रात्री बुक केल्या, चौथीचे पैसे भरले.