केंब्रिज दोन दिवस: रस्त्यावर होडीचं तिकीट घेऊ नका

आधीच सांगतो, केंब्रिजला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, गाव झकास आहे, पण माझं डोकं अजून त्या होडीतच अडकलंय त्यामुळे निम्मं लिखाण त्याच्यावरच जाणार.

आम्ही तिघं. मी, बायको आणि लंडनला राहणारा मेव्हणा. मे महिन्याचा शेवट, रविवारी सकाळी जायचं आणि सोमवारी रात्री परत. "अर्ध्या दिवसाचं गाव आहे, मुक्काम कशाला" हे मेव्हण्याचं मत, आणि अकरा वर्षं लंडनला राहून तो स्वतः केंब्रिजला एकदाही गेलेला नाही हे आम्हाला गाडीत बसल्यावर कळलं. गाडी किंग्ज क्रॉसवरून फास्ट पकडा, पन्नासेक मिनिटं लागतात. लिव्हरपूल स्ट्रीटवरूनही जाते पण रखडत, सव्वा तास तरी धरा. लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड तिथे चालत नाही, तिकीट वेगळं काढा. स्टेशन मध्यवस्तीत नाहीये, चालत वीस-पंचवीस मिनिटं, आणि जुन्या गल्ल्यांत दगडी फरशा असल्यामुळे चाकांची बॅग नेली तर सगळं गाव वळून बघतं. सॅकच न्या.

तर होडी. किंग्ज परेडवर, म्हणजे मधल्या मुख्य रस्त्यावर, पाय ठेवला की हातात नकाशा घेतलेली पोरं मागे लागतात, एकाने सांगितलं की शेवटच्या तीनच जागा उरल्यात, दहा मिनिटांत सुटते, माणशी 30 पाउंड. गेटवेला एलिफंटाच्या बोटवाल्यांना पुरून उरलेली माणसं आम्ही, कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून घासाघीस करतो, आणि इथे गोऱ्या पोराने हसून सांगितलं म्हणून 90 पाउंड मोजून मोकळे! मग दहा-बारा मिनिटं चालवत मॉडलिन ब्रिजच्या धक्क्यावर नेलं आणि तिथे चाळीस मिनिटं रांगेत उभं केलं. शेजारी बसलेल्या जोडप्याने आदल्या रात्री ऑनलाइन बुक केलं होतं, माणशी 20. तीच होडी, तीच गादी. बायको पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलली नाही.

बरं, फेरी असते पाऊण तासाची. सपाट बुडाची होडी, मागे उभा राहून नावाडी बांबूसारखी लांब काठी नदीच्या तळाला टेकवून ढकलतो, दोन्ही बाजूंना कॉलेजांची मागची हिरवळ. सुरुवातीलाच सेंट जॉन्स कॉलेज लागतं, आणि तिथे आमचा नावाडी कुठल्या नटाने कुठे शिक्षण घेतलं ते सांगत बसला. मी विचारलं, परांजपे माहीत आहेत का? नाही. अरे बाबा, दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा 1899 साली तुमच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला, सीनियर रँग्लर होणारा पहिला भारतीय, पुढे फर्ग्युसनचा प्रिन्सिपॉल झाला, आमच्याकडे लोक त्यांना रँग्लर परांजपेच म्हणतात. तो म्हणाला "वॉव" आणि बांबू मारला.

शेवटी क्वीन्स कॉलेजचा लाकडी मॅथेमॅटिकल ब्रिज आला तेव्हा ठरलेली कथा: न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला, विद्यार्थ्यांनी सोडवून बघितला आणि परत जोडताच येईना. साफ थाप. न्यूटन 1727 ला गेला, पूल 1749 चा, डिझाइन विल्यम एथरिजचं, बांधला जेम्स एसेक्सने, आणि त्यात ठोकलेले बोल्ट खालून जाताना डोळ्यांना दिसतात! 90 पाउंड देऊन वर थाप ऐकायची.

आता माझं स्पष्ट मत. होडी करायचीच असेल तर आदल्या दिवशी ऑनलाइन, सकाळची पहिली. नाहीतर सोडून द्या, कारण यातलं बरंच फुकट दिसतं. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावर उभं राहिलात तर तोच मॅथेमॅटिकल ब्रिज समोर. गॅरेट हॉस्टेल ब्रिज सगळ्यांना खुला आहे, तिथून क्लेअर कॉलेजचा 1640 चा पूल दिसतो, आत्ता नदीवर असलेला सगळ्यात जुना. आणि पलीकडच्या क्वीन्स रोडवरून किंग्ज कॉलेजचं चॅपल (प्रार्थनामंदिर) हिरवळीपार अख्खं दिसतं.

दुसरा फटका कॉलेजांचा. एप्रिल ते जून परीक्षा असतात आणि बरीच कॉलेजं पर्यटकांना आत घेत नाहीत, तीन दारांवर पाटी वाचून परत फिरलो. (परीक्षा संपल्यावर धमाल करतात ती "मे वीक" जूनमध्ये येते, विचारू नका.) ट्रिनिटी कॉलेजच्या रेन लायब्ररीत गणिती रामानुजनची "हरवलेली वही" म्हणून ओळखली जाणारी वही ठेवलेली आहे म्हणून मला जायचंच होतं, पण तिथे पाहुण्यांची वेळ फार थोडी असते आणि ती मी आधी बघितलीच नव्हती. फिट्झविल्यम म्युझियम फुकट आहे, पण सोमवारी बंद. आम्ही गेलो सोमवारी. चूक माझीच, पण तुम्ही करू नका.

किंग्जच्या चॅपलचं तिकीट मात्र डोळे मिटून काढा. 1446 ला पाया घातला, पुरं व्हायला 1515 उजाडलं, आणि वरचं पंख्यासारखं दगडी छत, त्या प्रकारातलं जगातलं सगळ्यात मोठं, ते बघून मेव्हणासुद्धा पाच मिनिटं गप्प बसला. आपले नारळीकर याच कॉलेजचे फेलो होते. टर्म चालू असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला फुकट बसता येतं, वेळ कॉलेजच्या साइटवर बघून लवकर रांगेत उभे राहा. समोर ग्रेट सेंट मेरीचा मनोरा आहे, 123 पायऱ्या, अरुंद आणि गोल गोल, गुडघे ठीक असतील तर चढा.

कॉर्पस क्लॉकचा तो टोळ बघा, वेळ खाणारा, 2008 ला हॉकिंगच्या हस्ते सुरू झालेलं घड्याळ, पाच मिनिटांतून एकदाच बरोबर वेळ दाखवतं. ईगल पबमध्ये डीएनएच्या रचनेचा शोध 1953 ला पहिल्यांदा सांगितला, पाटी आहे, फोटो काढला, निघालो. सोमवारी सकाळी नदीकाठाने जवळच्या ग्रँटचेस्टर गावाला चालत गेलो, छान झालं, सांगण्यासारखं विशेष काही नाही.

परतल्यावर दुपारी मेव्हण्याला हुक्की आली की होडी स्वतःच चालवू. भाड्याने मिळते. दहाव्या मिनिटाला बांबू चिखलात रुतला, होडी पुढे सरकली आणि हा बांबूला मिठी मारून नदीवर तिरका. तर नियम असा: बांबू रुतला की सोडून द्यायचा, धरून ठेवायचा नाही, होडीत वल्हं दिलेलं असतं त्याने मागे येऊन घ्यायचा. त्याने धरून ठेवला. पाणी कमरेपर्यंतच होतं पण मेमध्येसुद्धा गार, आणि काठावर बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ओली जीन्स घालून किंग्ज क्रॉसपर्यंत आला. बायको रविवारपासून पहिल्यांदा खळखळून हसली, आणि या फेरीचे पैसे त्यानेच दिले होते.