चिठ्ठीत ग्रेड मागितली होती

कापसावर फवारणी जोरात असते त्या दिवसांतली गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या नसतपासणीच्या खोलीत पंचेचाळिशीतले एक भाऊ आले. चिठ्ठीत एवढंच: अल्नर नस (कोपराच्या मागून करंगळीकडे जाणारी) कोपरात दबली आहे, किती ते कळवा, ऑपरेशन ठरवायचं आहे. कारणही त्यांनी स्वतःच शोधून आणलं होतं. "पंपाचा दांडा मारू मारू झालं मॅडम. तीन महिने झाले, करंगळीत जीवच नाई राह्यला."

त्यांचाच केसपेपर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायला दिला आणि ओढला. अंगठ्याचं पेर लगेच वाकलं, म्हणजे या नसेवरचे स्नायू दुबळे झालेले.

कोपर काटकोनात ठेवून तपासणी सुरू केली. (हात सरळ ठेवला तर आत नस ढिली पडते, टेपवर अंतर कमी भरतं आणि धडधाकट नसेचाही वेग कमी दिसतो. शिकताना ही चूक मी भरपूर केली आहे.) मनगट ते कोपराच्या खालपर्यंत वेग सेकंदाला ५४ मीटर, कोपर ओलांडताना ३१. स्नायूच्या लहरीची उंची कोपराखालून ७.२ मिलिव्होल्ट, वरून ३.९. करंगळीची संवेदनेची लहर आलीच नाही. संवेदना गेलेली, स्नायूची लहर शिल्लक, म्हणजे 'तीव्र'. रिपोर्ट टाइप करायलाही घेतला होता.

नस नेमकी कुठे अडतेय ते बघावं म्हणून दोन-दोन सेंटीमीटरवर करंट देत वर सरकले. कोपराच्या खाचेत फारसं काही नव्हतं, अडत होतं त्याच्या वर. तिथे बोट ठेवलं तर नस पेन्सिलीएवढी जाड हाताला लागली. दाबली तसे भाऊ कळवळले. हे आधीच चाचपायला हवं होतं. मशीन समोर असलं की हात आळशी होतात.

बाही वर करायला लावली. दंडाच्या मागे फिकट तांबूस चट्टा. "औषध उडालं असन," ते म्हणाले. डोळे मिटायला सांगून कापसाची बारीक वात कपाळाला लावली. "लागलं." मग चट्ट्यावर फिरवली, दोनदा, तीनदा.

"करा ना मॅडम सुरू," भाऊ डोळे मिटूनच म्हणाले.

कुष्ठरोगाचा संशय सांगितला तेव्हा बराच वेळ गप्प बसले. "मंग वरोऱ्याले पाठवता काय मले? आनंदवनात?" बाबा आमट्यांनी १९४९ साली उभं केलेलं ते नाव आमच्याकडे आदराचं, पण पेशंटच्या तोंडी ते घर सुटायच्या धास्तीनं येतं. म्हटलं, कुठंही जायचं नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, घरी राहून घ्यायच्या. नसेचं दुखणं सहा महिन्यांच्या आतलं आहे, स्टिरॉइड वेळेत सुरू झालं तर हात सुधारायला वाव आहे.

ग्रेड 'तीव्र' तशीच ठेवली. खाली लिहिलं: नस कोपराच्या वर जाड, दंडावर बधिर चट्टा, ऑपरेशनआधी कुष्ठरोगाची तपासणी करावी.

भाऊंनी बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावायला घेतलं. त्या बोटांना ते जमेना. मी लावून दिलं.

"कागदावर लई मोठ्या अक्षरात नका लिहू," ते म्हणाले.