मॅन गल्चच्या धारेवर

मोंटानातल्या हेलेना शहराच्या उत्तरेला मिसुरी नदी चुनखडीच्या उंच कड्यांमधून वाहते. बोटीने मेरिवेदरला उतरायचं, तिथून अंगावर येणारा चढ चढला की मॅन गल्च या घळीची धार लागते. ऑगस्ट होता, म्हणजे वणव्यांचा हंगाम, आणि गवत पार वाळलेलं. बहीण बरोबर होती. निघण्याआधीच आम्ही ठरवलं की दुपारचा वारा सुटायच्या आत परत फिरायचं, आणि कुठेही धूर दिसला तर घळीत उतरायचं नाही.

इथे ५ ऑगस्ट १९४९ रोजी विमानातून उडी घेऊन आलेले १५ अग्निशामक आणि खालच्या तळावरचा एक वनरक्षक, असे १६ जण होते. आग घळीच्या दक्षिण उतारावर होती. त्यांचा प्रमुख वॅग डॉज सगळ्यांना उत्तर उतारावरून नदीकडे नेत होता. पाण्याजवळ राहायचं, हा विचार योग्यच होता. पण खालच्या अंगाला आगीने घळ ओलांडली, नदीची वाट तुटली आणि चढाखेरीज काही उरलं नाही.

चढावर माणसाला धाप लागते, आगीला मात्र वेग येतो. ज्वाला वरच्या गवताकडे झुकतात, गरम हवा ते पेटण्याआधीच वाळवून ठेवते. उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. अरुंद नाळा आणि खिंडी तर धुराड्यासारख्या ओढतात. म्हणून डोंगरात वणवा खाली असेल तर माथ्याकडे पळणं मला सगळ्यात भयंकर वाटतं. शक्य असेल तर आगीला बगल देऊन, आडवं निघावं आणि खाली यावं.

त्या आगीत १३ जण गेले. डॉजने समोरचं गवत स्वतः पेटवलं आणि तो जळालेल्या जागेत पालथा पडून राहिला, म्हणून वाचला. दोन तरुण कड्यातल्या फटीतून पलीकडे दगडांच्या घसाऱ्यात पोचले, तेही वाचले. डॉजने केलं ते आपण करायला जाऊ नये, पण जळायला काही नसलेली जागा हेरणं आपल्याला जमतं. वर येताना प्रत्येक वळणावर मी तेच पाहत होते: उघडा घसारा कुठे, पाणी कुठे, तिथवर किती वेळ लागेल. अंगात सुती कपडे होते, कारण कृत्रिम धागा आचेने वितळून कातडीला चिकटतो. फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेतलं होतं.

धारेवर पोचलो. मृतांच्या जागी उभारलेल्या खुणा समोरच्या उतारावर आहेत. त्यांच्याजवळ जाऊन नमस्कार करायचा होता. तेवढ्यात पश्चिमेला धुराचा खांब दिसला, आमच्या बाजूला कललेला.

"ताई, तो खूप लांब आहे गं," बहीण म्हणाली.

लांब होताच. पण वारा आमच्याकडे होता, ठिणग्या वाऱ्यावर खूप पुढे जाऊन पडतात, आणि घळीत उतरल्यावर तो खांब आम्हाला दिसलाही नसता. आम्ही धारेवरूनच हात जोडले आणि आल्या वाटेने धक्क्याकडे निघालो. बोटवाल्याला धुराची दिशा सांगितली. त्याने लगेच रेडिओ उचलला.